हंगामी कारखाने वगळून

19 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत कर्मचारी राज्य विमा कायद्याला मंजुरी मिळाली. कामगार आजारी पडला तर त्याच्यावर उपचार व्हावेत आणि कामावर जाता येत नसलं तरी घरात थोडे पैसे यावेत, यासाठी मालकाने आणि कामगाराने मिळून नियमित रक्कम भरायची, अशी ही व्यवस्था होती. त्या दिवशी हिंगोली भारतात नव्हती. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्याचा तो भाग होता. रझाकारांच्या धास्तीने माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जात होती आणि पलीकडे उमरखेडला मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांची छावणी पडली होती. 17 सप्टेंबरला संस्थान शरण आलं. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, 6 ऑक्टोबरला, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं उद्घाटन केलं. पुढच्या काही वर्षांत कायदा जुन्या हैदराबादलाही लागू झाला.

राजकीय सीमा मिटली, पण कायद्याच्या आत आणखी एक सीमा आखलेली होती. तो 'हंगामी कारखाने वगळून' इतर सर्व कारखान्यांना लागू होता. हंगामी कारखाना म्हणजे कोणता, याची यादीच कायद्याने दिली: कापसाचं जिनिंग, कापूस किंवा ताग दाबून गाठी बांधणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं आणि कॉफी, नीळ, लाख, रबर, गुळासह साखर किंवा चहा तयार करणं. चहा-कॉफीचे मळे इथून दूर. पण जिनिंग, प्रेसिंग, साखर आणि गूळ हे शब्द हिंगोलीच्या बाजारपेठेतून उचलावेत तसे आहेत. जिथे शेतातला माल पहिल्यांदा कारखान्याच्या दारात येतो, नेमकी तीच दारं कायद्याने बंद ठेवली. असं का झालं, हे समजण्यासाठी मुंबईच्या गिरणगावापासून सुरुवात करावी लागते.

आजारपणाचा खर्च कुणाचा?

गेल्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीतला माणूस आजारी पडला की दोन मार्ग उरत: सावकार किंवा गाव. पगार कामाच्या दिवसांचाच. ताप आला की पगार थांबे आणि औषधाचा खर्च सुरू होई. 1923च्या कायद्याने कामावरच्या अपघाताची भरपाई मालकावर टाकली. क्षयाची किंवा हिवतापाची जबाबदारी मात्र कुणावरच नव्हती.

बाळंतपणाचा प्रश्न आधी ऐरणीवर आला. 1928 साली मुंबई विधिमंडळात आर. एस. आसवले यांनी गिरण्यांतल्या स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचं विधेयक मांडलं. त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पैशाचा मुद्दा थेट हाताळला. आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या समाजाचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या श्रमातून मालकाचा फायदा होतो, त्यामुळे मालकही मोकळा सुटू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पैसे मात्र एकट्या मालकाने द्यायचे होते आणि त्यात मोठा धोका होता. एका बाईच्या बाळंतपणाचा सगळा भार एका मालकावर पडणार असेल, तर बाईला कामावर ठेवणंच त्याला नकोसं होईल. हा भार अनेकांत वाटला तरच तो कुणालाही पेलवेल, हे हळूहळू सगळ्यांना दिसू लागलं. विम्याचं तत्त्व हेच.

जगात ते रुजलं होतं. जर्मनीत 1883 साली बिस्मार्कच्या राजवटीत आजारपणाचा सक्तीचा विमा आला. त्यात दोन-तृतीयांश कामगाराचे आणि एक-तृतीयांश मालकाचे. 1911च्या ब्रिटिश कायद्यात पुरुष कामगाराचे आठवड्याला 4 पेन्स, मालकाचे 3 आणि सरकारचे 2. भारतात ना. म. जोशी सदस्य असलेल्या शाही कामगार आयोगाने 1931च्या अहवालात आजारपणाच्या विम्याकडे लक्ष वेधलं. 1937 साली मुंबई सरकारने नेमलेल्या कापडगिरणी कामगार चौकशी समितीत धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता होते. सक्तीच्या, वर्गणीवर चालणाऱ्या विम्याची शिफारस तिनेही केली. घोडं अडलं होतं ते पैसे कुणी किती भरायचे यावर.

अडारकरांचा आराखडा

जुलै 1942 मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मार्च 1943 मध्ये त्यांच्या खात्याने प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं. 1944 साली त्यांचा अहवाल आला. योजना सक्तीची असावी, वर्गणीवर चालावी, आर्थिकदृष्ट्या टिकावी आणि तिच्यात तंटे-खटले कमीत कमी व्हावेत, अशी त्यांची सूत्रं होती.

आरंभ कुठून करायचा, हे त्यांनी सावधपणे ठरवलं. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू हे तीन उद्योग, आणि त्यातही बारमाही चालणारे कारखाने. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव या तज्ज्ञांनी आराखडा तपासला. सर्व बारमाही कारखाने घ्यावेत आणि प्रसूतिलाभ व अपघाताची भरपाई याच योजनेत आणावी, असं त्यांनी सुचवलं. 'बारमाही' ही अट मात्र तशीच राहिली.

त्यामागचं कारण त्या काळात समजण्यासारखं होतं. वर्गणी आठवड्याला जमा व्हायची, तिची नोंद माणसागणिक ठेवायची आणि त्या नोंदीवरून हक्क ठरायचा. दिवाळीच्या सुमारास जिनिंगवर येणारा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर शेतात परतणारा माणूस या हिशेबात बसवणं कठीण. पुढच्या हंगामात तो याच जिनवर येईल, याची खात्री नाही. पायाच नसलेल्या ठिकाणी घर बांधणाऱ्यांनी सोपी बाजू आधी घेतली. नोव्हेंबर 1946 मध्ये विधेयक आलं आणि दीड वर्षात त्याचा कायदा झाला.

आण्यांचा हिशेब

मूळ कायद्याचं वर्गणीचं परिशिष्ट आज वाचलं तर त्यातली समज जाणवते. कामगारांचे रोजच्या सरासरी मजुरीप्रमाणे गट पाडले होते. दिवसाला एक रुपयापेक्षा कमी मिळवणाऱ्याने काहीच भरायचं नाही. त्याच्यासाठी मालक आठवड्याला 7 आणे भरणार. दोन ते तीन रुपये मिळवणाऱ्याचे 6 आणे, मालकाचे 12 आणे. बहुतेक गटांत मालकाचा वाटा कामगाराच्या सुमारे दुप्पट होता. जर्मनीत कामगार दोन हिस्से आणि मालक एक हिस्सा भरत होते. नव्या भारताने ते प्रमाण उलटं केलं. शिवाय जो काहीच भरू शकत नव्हता, त्याचाही हक्क भरणाऱ्याइतकाच पक्का ठेवला.

पैसे जमा करण्याची रीतही आज नवलाची वाटते. प्रत्येक कामगाराचं वर्गणीकार्ड असे आणि मालक त्यावर विम्याची तिकिटं चिकटवत असे. या चिकटवलेल्या तिकिटांवर आजारपणातला पगार अवलंबून होता.

24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. कानपूरच्या ब्रिजेंद्र स्वरूप पार्कमध्ये सुमारे 70 हजारांच्या सभेत पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं आणि पहिले मानद विमाधारक म्हणून स्वतःचं नाव नोंदवलं. दोन्ही शहरांत मिळून 1 लाख 20 हजार कामगार योजनेत आले. त्याआधी एक पेच सुटला होता. आमच्याच शहरात योजना आली तर आमचाच माल महाग होईल, ही तिथल्या मालकांची तक्रार होती. म्हणून 1951च्या दुरुस्तीने देशभरातल्या पात्र कारखान्यांच्या मालकांवर विशेष वर्गणी बसवली: योजना सुरू झालेल्या भागात मजुरीच्या सव्वा टक्के, इतरत्र पाऊण टक्का. कामगाराने मात्र आपल्या गावात योजना आल्यावरच भरायला लागायचं.

1954 साली योजना नागपुरात आणि मुंबईत आली. मुंबईत ठिकठिकाणच्या खासगी डॉक्टरांना जोडून घेण्यात आलं. गिरणीतला माणूस गल्लीतल्याच डॉक्टरकडे कार्ड घेऊन जाऊ लागला. 1958पासून कुटुंबालाही वैद्यकीय सेवा मिळू लागली. वरळी, मुलुंड, कांदिवलीसारख्या ठिकाणी कामगार रुग्णालयं उभी राहिली आणि 'ईएसआय' हा कामगार वस्त्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द झाला.

त्या रुग्णालयांतल्या रांगा, औषधांचा तुटवडा आणि कागदपत्रांची दमछाक यांच्या तक्रारी तेव्हापासून आजवर चालू आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरी या योजनेत एक गोष्ट अशी आहे, जी कुठल्याही मोफत दवाखान्यात मिळत नाही: आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रोख. क्षय, कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत ती रक्कम 80 टक्क्यांपर्यंत आणि दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणात आता 26 आठवडे पूर्ण पगार. कामावर मृत्यू आला तर कुटुंबाला मजुरीच्या 90 टक्के मासिक निवृत्तिवेतन. डॉक्टर रोगावर इलाज करतो; घरातली चूल पेटती ठेवतो तो हा पगार.

वर्गणी घटत गेली

विम्याची दोरी नोकरीला बांधलेली होती आणि 1982 साली मुंबईने ते अनुभवलं. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रेंगाळला, गिरण्या बंद पडल्या, हजारोंची नोकरी कायमची गेली. नोकरीबरोबर विम्याचं कार्डही गेलं, तेही वय वाढून आजार सुरू होण्याच्या काळात.

दरम्यान हिशेबाची पद्धत बदलली. आण्या-रुपयांचे गट जाऊन टक्केवारी आली. 1997पासून मालकाचे 4.75 आणि कामगाराचे 1.75 असे मिळून साडेसहा टक्के भरले जात. सुरुवातीला महिना 400 रुपयांपर्यंत मिळवणारेच योजनेत होते. ती मर्यादा वाढत वाढत जानेवारी 2017 मध्ये 21 हजारांवर आली. उपचारांच्या खर्चाचा आठवा हिस्सा राज्य सरकारकडे ठेवलेला आहे.

1 जुलै 2019 रोजी मोठा फरक झाला. मालकाचा वाटा 3.25 आणि कामगाराचा 0.75 टक्के करण्यात आला. 15 हजार पगाराच्या कामगाराची कपात महिन्याला 262 रुपये 50 पैशांवरून 112 रुपये 50 पैशांवर आली. मालकाची 712 रुपये 50 पैशांवरून 487 रुपये 50 पैशांवर. सरासरी रोज 176 रुपयांपर्यंत मिळवणाऱ्याला आपला वाटा माफ आहे. मूळ कायद्यातल्या एक रुपयाच्या अटीचं हे आजचं रूप. 2018-19 मध्ये 3 कोटी 60 लाख कामगार आणि 12 लाख 85 हजार मालकांकडून मिळून 22 हजार 279 कोटी रुपये जमा झाले होते. कपातीमुळे उद्योगांचे वर्षाला किमान 5 हजार कोटी वाचतील, असा सरकारचा अंदाज होता.

हातात दीडशे रुपये जास्त पडले, याचा कामगाराला आनंद होणारच. पण निधीला उसंत मिळाली असताना आणखी दोन वाटा मोकळ्या होत्या: दवाखाने सुधारणं, आणि कायद्याबाहेर राहिलेल्यांना आत घेणं. निवड झाली ती दर कमी करण्याची. आत असलेल्यांचा भार हलका झाला, बाहेरच्यांसाठी दार तसंच राहिलं.

कयाधू नदीच्या काठी

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. इथला रोजगार ऋतूंच्या तालावर चालतो. पाऊस संपला की सोयाबीनची काढणी, मग कापूस वेचणी आणि जिनिंग, मग वसमतच्या पूर्णा कारखान्यासारख्या साखर कारखान्यांचं गाळप, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हळद खणणं, शिजवणं, वाळवणं. अनेक घरांत एकच माणूस वर्षभरात यातली तीन-चार कामं करतो. त्याच्या हातांना बारा महिने काम असतं. त्याचा प्रत्येक कारखाना मात्र हंगामी असतो.

जिनमध्ये रुईचे तंतू दिवसभर हवेत तरंगतात. तोंडाला पदर बांधून सरकी आणि रुईत उभ्या राहिलेल्या बायांना खोकला नवा नसतो. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आजारपणाने एक दिवस बुडाला तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि तो उचलीच्या हिशेबात अंगावर चढतो. विम्यात आजारपणाच्या दिवसाचे पैसे मिळतात. फडात आजारपणाच्या दिवसाचे पैसे द्यावे लागतात.

या माणसांसाठी महाराष्ट्राने काही केलंच नाही, असं नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या चळवळीतून 1969 साली माथाडी कायदा आला. ज्याचा एक ठरलेला मालक नाही, अशा हमालासाठी मंडळ नेमायचं, मालकांकडून मजुरीवर लेव्ही घ्यायची आणि त्यातून लाभ द्यायचे, ही त्याची रीत. 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 21 नोव्हेंबर 2013पासून राज्यभर गेली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत हिंगोली आहे आणि इथल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही या योजनेत जागा मिळाली. आता ती सर्वांसाठी खुली असून संरक्षणाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपये आहे. खर्च सरकार उचलतं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं. गाळपाच्या टनामागे कारखान्याने 10 रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असं ठरलं.

शस्त्रक्रियेसाठी जमीन किंवा बैल विकायची वेळ या योजनांमुळे अनेक घरांवरची टळली. हे काम लहान नाही. मात्र जीवनदायी योजना रुग्णालयात दाखल झालेल्याचं बिल भरते. महिनाभर घरी पडून राहिलेल्या जिन कामगाराची मजुरी भरत नाही. 1948च्या विम्यात उपचार आणि पगार ही दोन्ही अंगं होती. हिंगोलीच्या हंगामी कामगाराला साठ-सत्तर वर्षांनी पहिलं मिळालं, दुसरं आजही नाही.

2020 साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. धोकादायक कामाच्या ठिकाणी एकच कामगार असला तरी विम्याची सोय, ॲपवरून काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांच्या उलाढालीतून निधी, अशा नव्या गोष्टी तिच्यात आहेत. विम्याचं प्रकरण मात्र दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू करताना तोच जुना अपवाद आहे: हंगामी कारखाने वगळून.

नसलेल्या कपातीची किंमत

अडारकरांच्या काळात तिकिटांच्या कार्डावर हंगामी माणसाचा हिशेब ठेवणं कठीण होतं, हे मान्य करू. आज विमाधारकाचा क्रमांक त्याच्याबरोबर कारखान्यातून कारखान्यात जातो आणि वर्गणी संगणकावर भरली जाते. विम्याची वर्षातली एक सहामाही 1 ऑक्टोबर ते 31 मार्च अशी आहे. कापूस जिनवर येतो आणि कारखान्यांच्या गव्हाणी सुरू होतात, ते याच महिन्यांत. या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरली की जुलै ते डिसेंबरमधल्या आजारपणाचा रोख लाभ मिळण्याची पात्रता येते. पूर्ण हंगाम राबणाऱ्याला 78 दिवस भरणं अवघड नाही. म्हणजे योजनेचं पंचांग आणि हिंगोलीचा हंगाम एकमेकांना जुळतात; आड येतात ते कायद्यातले तीन शब्द.

हंगामी कामगाराला परवडणार नाही, हे कारणही टिकत नाही. एक रुपयाच्या आत मिळवणाऱ्याचा भार मालकावर टाकून त्याचा हक्क शाबूत ठेवायचा, ही वाट 1948च्या कायद्यानेच दाखवली होती. मालकाने उसाच्या टनामागे पैसे मोजावेत, हे महाराष्ट्राने ऊसतोड महामंडळात मान्य केलं आहे. फिरत्या हमालाचा हिशेब मंडळाने ठेवावा, हे माथाडी कायद्यात अर्धशतकाहून अधिक काळापूर्वी करून दाखवलं आहे. लागणारे सगळे तुकडे आपल्याच घरात आहेत. ते एकत्र जोडण्याची इच्छा लागेल.

चाकणच्या कारखान्यात महिना 15 हजारांवर काम करणारी बाई विम्यासाठी 112 रुपये 50 पैसे देते, तिचा मालक 487 रुपये 50 पैसे देतो आणि ती तापाने झोपली तर तिला मजुरीच्या 70 टक्के मिळतात. हिंगोलीच्या जिनमध्ये सरकी उचलणाऱ्या तिच्या बहिणीच्या मजुरीतून एक पैसाही कापला जात नाही. ती तापाने झोपली की आठ दिवसांची मजुरी पूर्ण बुडते. तो सगळा वाटा ती एकटी भरते आणि तिच्या मालकाचा वाटा शून्य राहतो. या देशात आजारपणाच्या विम्याचा सर्वांत जड हप्ता ती भरत आली आहे, आणि तो कुठल्याही कार्डावर नोंदलेला नाही.